ज्या नळीचे त्या नळीला

सोनाराच्या तराजूत आठ गुंजांचा मासा होई आणि बारा माशांचा तोळा. इंग्रजांनी १८३३ साली तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे ठरवून टाकले, त्या हिशेबाने एक गुंज दोन ग्रेनला किंचित कमी भरते. सराफकट्ट्यावरून ग्रेन हे माप केव्हाच गेले. पण अमेरिकेत रायफलची काडतुसे स्वतःच्या हाताने भरणारी माणसे आजही ग्रेनमध्येच बोलतात. विंचेस्टरच्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीत जाणारे ‘थर्टी-थर्टी’ हे तिथले सर्वांत परिचित शिकारी काडतूस. त्याची वजनदार गोळी १७० ग्रेनची असते, म्हणजे तोळ्याला दहा ग्रेन कमी. तिच्यामागची दारू मात्र हे लोक ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. ग्रेनचा दहावा भाग म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, गुंजेचा जवळपास एकोणिसावा हिस्सा. इतके बारीक तोलले की गोळी अधिक नेमकी जाणार, अशी त्यामागची श्रद्धा. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्या आदरापोटीच म्हणावेसे वाटते की या श्रद्धेची जागा थोडी चुकली आहे. हातभरणीने नेम सुधारतो, कधी कधी तर आश्चर्य वाटावे इतका सुधारतो. पण ती सुधारणा दारूच्या तराजूतून क्वचितच येते. काडतूस आणि नळी यांच्यात जिथे जुळत नाही तिथे जुळवून दिल्याने ती येते. एकदा जुळले की पुढचा लाभ थोडा असतो, आणि तो थोडा आहे हे मान्य करणे हाही या कारागिरीचाच भाग आहे.

लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल आणि हातभरणी यांचा संबंध जुना आहे. बेंजामिन टायलर हेन्री याची १८६० ची रायफल दस्त्याखालचा दांडा खाली-वर करून भराभर झाडता येई; पण तिच्या काडतुसात ठिणगी देणारे रसायन पुंगळीच्या तळाच्या कडेत भरलेले असे. एकदा घोडा पडला की ती कड चेपायची आणि पुंगळी कायमची निकामी व्हायची. १८७३ च्या विंचेस्टरबरोबर फोर्टीफोर-फोर्टी हे काडतूस आले. त्यात ठिणगी देणारी टोपी तळाच्या मधोमध, वेगळी बसवलेली होती. जुनी टोपी काढा, नवी बसवा, दारू घाला, शिशाची गोळी ओतून वर बसवा, की तीच पितळी पुंगळी पुन्हा कामाला तयार. कंपनीने रायफलीसोबत लागणारी हातहत्यारेही विकली. त्या वेळचा हेतू साधा होता: दुकान चार दिवसांच्या वाटेवर असेल तर पितळ फेकून देणे परवडत नाही. नेमाचा विचार पुढे आला. जॉन मोझेस ब्राउनिंगने आखलेल्या १८९४ च्या मॉडेलसाठी १८९५ मध्ये धूरविरहित दारूचे थर्टी-थर्टी बाजारात आले. नावातला दुसरा तीस हा मूळच्या दारूच्या वजनाचा. त्या एका मॉडेलच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन सैन्याची उरलेली दारू स्वस्तात विकू लागला, जॉइस हॉर्नडीसारखे लोक गोळ्या बनवू लागले, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याएवढ्या जागेत बसणारे दाबयंत्र कितीतरी घरांत पोचले. काटकसरीसाठी सुरू झालेले काम तेव्हापासून नेमाच्या शोधाचे साधन झाले.

आता ही रायफल कशी रचलेली आहे ते पाहायला हवे, कारण सगळा वाद तिथूनच सुरू होतो. काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या पोकळ नळीत एकापुढे एक झोपलेली असतात. ही मॅगझिनची नळी मुख्य नळीला कड्यांनी बांधलेली असते, आणि पुढचा लाकडी दस्ताही तसाच. नळी तापली की लांबते. बांधलेल्या गोष्टी तेवढ्या लांबत नाहीत, म्हणून नळी कुठेतरी ओढली जाते आणि गोळ्या वर किंवा खाली सरकू लागतात. प्रत्येक काडतुसाबरोबर मॅगझिन हलके होत जाते, तसा पुढचा भारही बदलतो. लाकूड दोन तुकड्यांत विभागलेले. घोडा मोठा आणि उघडा, त्यामुळे चाप ओढल्यापासून टोपी फुटेपर्यंतचा क्षण लांबतो. उघड्या दृष्टीकाट्यांनी नेम धरताना माणसाचीही चूक होते. एका मागे एक काडतुसे असल्याने गोळीचे टोक चपटे ठेवावे लागते. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकली तर धक्क्याने मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. मऊ प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्या या शतकात आल्या तेव्हा ही अडचण काहीशी सुटली. इतक्या सगळ्या कारणांनी एखादी चांगली थर्टी-थर्टी १०० यार्डांवर दोन-तीन इंचांचा पुंजका (कागदावरच्या छिद्रांचा पसारा) देते, आणि शिकारी त्यावर समाधानी असतो.

या आकड्यांवर थोडे थांबू. वेगवेगळ्या कारणांनी होणाऱ्या चुका एकमेकींत सरळ मिळवता येत नाहीत. त्या काटकोन त्रिकोणाच्या भुजांसारख्या मिळतात आणि एकूण चूक कर्णाएवढी होते. समजा रायफल आणि माणूस मिळून अडीच इंचांची चूक करतात आणि काडतुसे स्वतःची दीड इंचाची. एकूण पुंजका चार इंचांचा न होता २.९ इंचांचा होईल. आता अपार मेहनत करून काडतुसांची चूक निम्मी केली, दीडवरून पाऊण इंचावर आणली. पुंजका येईल २.६ इंचांचा. काडतूस दुप्पट चांगले झाले आणि कागदावर दहा टक्के फरक पडला. दारूच्या वजनाचा हिशेबही असाच आहे. गोळीचा वेग सेकंदाला २,२०० फुटांच्या आसपास धरला आणि दोन काडतुसांत ५० फुटांचा फरक पडला, तरी १०० यार्डांवर त्यांच्या खाली येण्यात पाव इंचाहूनही कमी अंतर पडते. तराजूचा दहावा ग्रेन तर याहून पुष्कळ लहान फरक करतो. इथे कोणी म्हणेल की नळी कंप पावते, गोळी बाहेर पडते त्या क्षणी तोंड कुठे वळले आहे हे दारूवर अवलंबून असते. हे खरे आहे. दारू बदलली की पुंजक्याची जागा कागदावर सरकते, कधी चांगली दोन-तीन इंच. पण जागा सरकणे वेगळे आणि पुंजका आवळणे वेगळे. जागा दृष्टीकाट्याने दुरुस्त होते.

मग लिव्हर-अ‍ॅक्शनच्या मालकांना कधी कधी सहा इंचांचा पुंजका तीनवर आलेला दिसतो, त्याचे काय? तोही खराच असतो. फोर्टीफोर मॅग्नमचे उदाहरण घ्या. हे काडतूस मुळात रिव्हॉल्व्हरचे. रिव्हॉल्व्हरच्या नळीतले पिळदार चर साधारण २० इंचांत एक वेढा घेतात. मार्लिनच्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीत याच काडतुसासाठी वर्षानुवर्षे ३८ इंचांत एक वेढा ठेवलेला होता, जुन्या फोर्टीफोर-फोर्टीच्या मापाशी मिळताजुळता. नळीतल्या चरांचा व्यासही ०.४३१ इंच किंवा जरा अधिक असे, तर दुकानातल्या बऱ्याच गोळ्या ०.४२९ ते ०.४३० इंचांच्या. रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेली लांब, जड गोळी या रायफलीतून सुटली की तिला पुरेशी फिरकी मिळत नाही. शिशाची मऊ गोळी चरांत नीट बसत नाही, कडेने वायू निसटतो, नळीत शिसे साचते आणि नेम विस्कटतो. मालकाला वाटते की रायफल वाईट आहे. काडतूस बनवणाऱ्याला आपले काडतूस चांगलेच वाटते, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये ते चांगले असतेही. दोघांतही दोष नाही, त्यांची गाठ चुकीची पडली आहे. हातभरणी करणारा शिशाची गोळी इंचाच्या एक-दोन सहस्रांशांनी जाड घेतो, लांबी कमी असलेली हलकी गोळी निवडतो, आणि तीच रायफल शहाणी होते. मार्लिनने अनेक उथळ चरांच्या नळ्या बनवल्या, तेव्हा ओतीव शिशाच्या गोळ्या त्यातून चालतच नाहीत असा समज पसरला होता. उत्तर बहुधा तेच निघाले: गोळी किंचित जाड हवी. थर्टी-थर्टीच्या जुन्या नळ्यांचेही असेच असते. नकाशावर चरांचा व्यास ०.३०८ इंच, पण शंभर वर्षांपूर्वीची नळी नकाशाला किती धरून असेल हे मोजल्यावाचून कळत नाही. म्हणून जाणते लोक मऊ शिशाचा तुकडा नळीतून हळू ढकलून बाहेर काढतात आणि त्यावर उमटलेले चर मोजतात. माझ्या मते हातभरणीतले सर्वांत मोलाचे मोजमाप तेच आहे, आणि तिथे दारू अजून डब्यातून बाहेरही आलेली नसते.

जुळणीची दुसरी जागा पुंगळीच्या तोंडापाशी आहे, आणि लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये तिला इतर रायफलींपेक्षा फार महत्त्व आहे. मॅगझिनमधली कमानी काडतुसांना सतत मागे दाबते आणि प्रत्येक बाराबरोबर धक्का बसतो. गोळी पुंगळीत आत सरकली तर दाब धोकादायक वाढू शकतो. हे होऊ नये म्हणून पुंगळीचे तोंड गोळीवरच्या बारीक खाचेत आवळतात. आवळण्याचे काम करणारा साचा मुका असतो. पुंगळी ठरावीक लांबीची असेल तर तो ठरावीक आवळतो. जरा लांब असेल तर जास्त आवळतो, आखूड असेल तर नुसता स्पर्श करतो. म्हणजे पुंगळ्यांच्या लांबीत फरक असेल तर प्रत्येक गोळीची पकड वेगळी, सुटण्याला लागणारा जोर वेगळा, आणि दारू पेटू लागतानाचा दाबही वेगळा. थर्टी-थर्टीच्या पुंगळीचा गळा पातळ असतो. लांब पुंगळी जास्त आवळली की खालचा खांदा हलकासा फुगतो, डोळ्यांना दिसत नाही इतका, आणि काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, अडते. या रायफलीच्या दांड्याला बोल्ट रायफलीच्या खिटीसारखी पिरगळून ढकलण्याची ताकद नसते, त्यामुळे अडलेले काडतूस तिथेच राहते. यावर उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक पुंगळी मोजून एका लांबीला कापायची, कापलेल्या कडेचा खर काढायचा, किती वेळा वापरल्या आहेत त्यानुसार त्यांचे गठ्ठे वेगळे ठेवायचे, वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या एकत्र मिसळू द्यायच्या नाहीत, कारण त्यांच्या भिंतींची जाडी आणि म्हणून आतली जागा वेगळी असते. तराजूवर दारू तोलताना जे समाधान मिळते ते या कामात नाही. निवडलेल्या तांदळातून पुन्हा एकदा खडे काढण्यासारखे ते आहे. पण लिव्हर-अ‍ॅक्शनचा पुंजका इथे घट्ट होण्याची शक्यता तराजूपेक्षा अधिक आहे असे मी मानतो.

तिसरी जागा मागच्या कुलपाची. बोल्ट रायफलीत कुलपाचे दात सहसा चेंबरच्या लगत पुढे असतात. ब्राउनिंगच्या १८९४ मध्ये आणि मार्लिनमध्ये अडसर मागे असतो. बार उडाला की मधले पोलाद क्षणभर दबते आणि परत येते. पोलादही दबते हे विसरू नये. तेवढ्यात पुंगळी मागे ताणली जाते आणि तळाच्या थोडी वर तिची भिंत पातळ होते. थर्टी-थर्टी चेंबरमध्ये तळाच्या कडेवर टेकते, आणि खांद्याच्या पुढे कारखाने मोकळी जागा सढळ हाताने ठेवतात. हातभरणी करणाऱ्याने दरवेळी पुंगळी साच्यात पूर्ण दाबून खांदा पार मागे नेला, तर प्रत्येक बाराला ती पुन्हा ताणली जाते, आणि काही फेऱ्यांनी तिचे दोन तुकडे होतात. साचा थोडा वर उचलून खांदा केसभरच मागे न्यावा, म्हणजे पुंगळी त्या चेंबरमध्ये मोजूनमापून बसते, मधोमध राहते आणि टिकतेही. पण फारच कमी दाबली तर दांडा अडतो. ही दोन्हींमधली जागा प्रत्येक रायफलीची निराळी असते आणि पुस्तकात छापलेली नसते. एकाच्या रायफलीसाठी अशी घडवलेली पुंगळी शेजाऱ्याच्या रायफलीत कदाचित जाणारही नाही.

हे सगळे मागच्या शंभर वर्षांत कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डच्या डॉ. फ्रँकलिन मान यांनी वर्षानुवर्षे नळ्या भक्कम चौथऱ्यावर पक्क्या बसवून, माणसाच्या हाताची आणि डोळ्याची चूक वगळून, हजारो गोळ्या झाडल्या, आणि १९०९ मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. त्यांनी काही गोळ्यांची टोके मुद्दाम बिघडवली, काहींचे बूड. टोक बिघडलेल्या गोळ्या जवळजवळ सरळच गेल्या; बूड बिघडलेल्या मात्र दूर दूर फेकल्या गेल्या. कारण समजण्यासारखे आहे. नळीच्या तोंडातून बाहेर पडताना गोळीचे बूड सर्वांत शेवटी सुटते. ते एका बाजूने चेपलेले असेल तर वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. लिव्हर-अ‍ॅक्शनच्या मालकाला या प्रयोगातून दोन गोष्टी मिळतात. चपट्या, मॅगझिनमध्ये घासलेल्या टोकांची त्याला फार काळजी करायला नको. आणि शिशाची गोळी बसवताना पुंगळीच्या तोंडाने तिचे बूड खरवडले जात असेल, तर त्याने आधी तिकडे पाहावे, तराजूकडे नंतर.

आता मोजण्याकडे येतो, कारण या क्षेत्रातली सर्वांत मोठी फसवणूक तिथे होते, आणि ती कोणी दुसरा करत नाही. दहा वेगवेगळ्या मापांची दारू घालून प्रत्येकाचे तीन-तीन बार काढायचे, सर्वांत लहान पुंजका ज्याचा आला ते माप सर्वोत्तम समजायचे, ही रूढ पद्धत. समजा ती दहाही मापे खरोखर सारखीच आहेत, आणि त्यांच्या तीन बारांच्या पुंजक्याची सरासरी दोन इंच आहे. निव्वळ योगायोगाने यातले साधारण दोन-तृतीयांश पुंजके सव्वा ते पावणेतीन इंचांच्या दरम्यान येतील. दहातला सर्वांत लहान एक इंचाच्या आसपास येईल, सर्वांत मोठा तीनच्या पुढे जाईल. एक इंचवाला कागद कापून जपला जातो, तीनवाला फाडला जातो, आणि एक माप विनाकारण पूजनीय ठरते. त्याच काडतुसांचे दहा-दहा बार काढले तर प्रत्येक पुंजका सरासरी तीन इंचांच्या थोडा वर येईल, कारण बार वाढले की सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर वाढतच जाते. तेव्हा मालक म्हणतो, आज हात ठीक नव्हता. हात ठीकच होता. आधीचा कागद भाग्याचा होता. वर सांगितलेला दहा टक्क्यांचा फरक खात्रीने ओळखायचा असेल तर प्रत्येक मापाच्या शंभर-दोनशे गोळ्या झाडाव्या लागतील, आणि तोवर नळी झिजू लागेल, खांदा दुखेल, दारूचा डबा संपेल. उलट सहाचे तीन होणे दोन-तीन वेळा दहा-दहा बार काढूनच दिसते. मोठा फरक थोड्या पुराव्यात दिसतो. जुळणीचा लाभ असा आहे, म्हणूनच माझा त्यावर विश्वास आहे.

यावर रास्त आक्षेप आहे की आजचे कारखानदार इतकी एकसारखी काडतुसे बनवतात की घरच्या ओट्यावर त्यांची बरोबरी कठीण. एकसारखेपणापुरते हे मला मान्य आहे. पण कारखाना सरासरी रायफलीसाठी काडतूस बनवतो. जगात आजवर विकलेल्या कुठल्याही थर्टी-थर्टीत, अगदी १८९५ सालच्या रायफलीतही, ते सुरक्षित चालले पाहिजे, अडता कामा नये. त्या सढळपणाची किंमत एखाद्या रायफलीला मोजावी लागते. एकसारखेपणा आणि जुळणी या दोन गोष्टी आहेत, याचा सर्वांत चांगला पुरावा हातभरणी जिथे शक्यच नाही तिथे मिळतो. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात लक्ष्याच्या दहाव्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. काडतूस .२२ चे, कडेत रसायन असलेले, हेन्रीच्या काडतुसासारखे पुन्हा न भरता येणारे. जगातली सर्वांत काटेकोर काडतुसे ती, तरीही या पातळीवरचे नेमबाज आपली नळी घेऊन काडतुसांच्या वेगवेगळ्या तुकड्या तपासतात आणि आपल्या नळीला मानवणारी तुकडी उचलतात. एकाची तुकडी दुसऱ्याला मानवेल याची खात्री नसते. काडतूस भरता येत नसेल तर निवडायचे. लिव्हर-अ‍ॅक्शनच्या मालकाला भरता येते, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप असा, की नेमच हवा असेल तर बोल्ट रायफल घ्यावी, या जुन्या यंत्रावर मेहनत का? आर्थर सॅव्हेजने १८९९ मध्ये फिरत्या मॅगझिनची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल आणली. तिच्या नळीखाली दुसरी नळी नव्हती आणि टोकदार गोळ्या चालत. चांगली सॅव्हेज नव्व्याण्णव बोल्ट रायफलीच्या जवळ जाते, म्हणजे दोष दांड्याचा नाही, नळीला बांधलेल्या मॅगझिनचा आणि कड्यांचा आहे. पण मूळ प्रश्नाचे उत्तर याहून साधे आहे. थर्टी-थर्टी पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी, दाट झाडीत, १५० यार्डांच्या आतल्या अंतरासाठी बनली. ज्याच्याकडे ती आहे त्याने आहे ती नीट चालवावी, यात कमीपणा काही नाही. आणि तिथे तीन इंचांचा पुंजका पुरतो, हेही मी मान्य करतो. हरणाच्या काळजा-फुफ्फुसांची जागा सुमारे आठ इंचांची धरतात. सहा इंचांचा मात्र पुरत नाही, कारण त्यात माणसाचा श्वास, थंडी आणि घाई मिळवली की जखमी जनावर जंगलात निघून जाते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच थांबवली आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. पण जिथे शिकार कायद्याने होते, परवाना आणि हंगाम ठरलेले असतात, तिथे जनावराला लगेच मरण यावे याची काळजी करणे हे बंदुकीचे कौतुक करण्यापेक्षा फार मोठे कर्तव्य आहे. सहाचे तीन करण्याला मी इतके महत्त्व देतो ते त्यामुळे. तीनचे अडीच करण्याला तेवढे देत नाही.

तिसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो सर्वांत गंभीर. दारू दुप्पट पडली, चुकीच्या डब्यातली पडली, गोळी आत सरकली, तर पोलाद फाटते. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि इथे कोणी तसा विचारही करू नये. अमेरिकेत मात्र हे घरगुती काम आहे, आणि त्यात मरण येऊ शकते हे तिथले जाणते लोक विसरत नाहीत. दारू उत्पादकाच्या छापील पुस्तकातल्या मापाबाहेर जाऊ नका, खालच्या मापापासून सुरुवात करा, ओट्यावर एका वेळी एकच डबा ठेवा, दिव्याखाली प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहा. इथेही तराजूची पूजा घातक ठरते, कारण जो माणूस नेमासाठी दारूकडे पाहतो तो नेम जमला नाही की दारू वाढवतो. जुळणीकडे पाहणारा गोळी बदलतो, पुंगळी कापतो, साचा सरकवतो. त्याचे हात दाबाच्या मर्यादेपासून बरेच दूर राहतात.

अशा माणसाच्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात. गोळीचे वजन आणि मोजलेला व्यास, पुंगळ्यांचा कारखाना आणि कितवा फेरा, दारूच्या डब्यावरचा तुकडी क्रमांक, तारीख, आणि सर्वांत वर रायफलीचा क्रमांक. वहीत दहा-दहा बारांचे कागद, चांगले आणि वाईट दोन्ही चिकटवलेले. १८९४ च्या मॉडेलच्या रायफली बऱ्याचदा आजोबांकडून नातवाकडे येतात, आणि वही त्यांच्याबरोबर येते. नातवाला त्यात चरांचा व्यास मिळतो, पुंगळीची लांबी मिळते, साचा कुठवर खाली आणायचा ते मिळते, कारण नळी आणि चेंबर तेच आहेत. दारूचा आकडा मात्र त्याला जसाच्या तसा घेता येत नाही. डबा नवा आहे, तुकडी नवी आहे. तो आजचे छापील पुस्तक उघडतो, सर्वांत खालच्या मापाची दहा काडतुसे भरतो आणि वहीच्या कोऱ्या पानावर वरती रायफलीचा क्रमांक पुन्हा लिहितो.